एक मूठ जास्त

नाना, तुझ्या शोकसभेला मी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि थोड्याच वेळात मला शंका यायला लागली की मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलो आहे. धुळ्यात देवपूरचं ते सभागृह भरलेलं होतं. पहिला वक्ता म्हणाला, कर्नलसाहेब आयुष्यात कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. दुसरा म्हणाला, त्यांच्या जिभेवर कायम साखर. तिसऱ्याने तर तुला अजातशत्रूच करून टाकलं. हा तिसरा कोण, माहीत आहे? ज्याच्या मुलाच्या लग्नात तू नवरदेवाशिवाय मंगलाष्टकं सुरू केली होतीस, तो. त्याने डोळे पुसले तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून मी उपरणं तोंडाला लावलं. मागच्या बायकांना वाटलं, मास्तर फार खचले. एकीने लगबगीने पाणी आणून दिलं.

सभा चारची होती आणि पाचला सुरू झाली. तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे माझं सारखं लक्ष जात होतं. त्या फोटोतसुद्धा तू आत्ता कुणाला तरी झापणार असाच दिसतोस.

तुझी लढाई, तुझं शौर्यपदक, समाजाच्या मुलांसाठी काढलेलं वसतिगृह, हे सगळं तिथे बोलून झालं. पेपरवाला आला होता, तो लिहील. मी ते लिहीत नाही. मी तुझा चुलतभाऊ, तुझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर फळा पुसलेला मास्तर. आपल्यात एक भांडण उरलं होतं आणि तू ते अर्धवट टाकून निघून गेलास. ते पुरं करायला बसलोय. समोरचा उत्तर देणार नसेल तर भांडणात मजा नाही, पण आता माझ्यापुढे दुसरा इलाजही नाही.

तू निवृत्त होऊन आलास ते ऐंशी-एक्याऐंशीचं साल असेल. देवपूरला घर बांधलंस, पण दर शनिवारी तुझी ती जुनी जीप सोनगीरवरून धुरळा उडवत आपल्या गावात यायची. गावाला वाटलं, साहेब दमलेत, आता ओट्यावर बसून लढाईच्या गोष्टी सांगतील. तू लढाईचं एक अक्षर बोलला नाहीस. उलट महिन्याभरात समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष झालास आणि आमचीच कवायत सुरू केलीस. लग्न वेळेवर लागलं पाहिजे, हा तुझा पहिला हुकूम. आपल्याकडे साडेअकराचा मुहूर्त म्हणजे दीड वाजता वरात वेशीपाशी नाचत असते, हे तुला ठाऊक होतं. तरी त्या लग्नात तू घड्याळ बघितलंस, भटजीला म्हणालास, "चालू करा." मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "नाना, नवरदेव वेसवर शे." तू म्हणालास, "नवरदेव जधळ ई तधळ ई. मुहूर्त कोन्हासाठे थांबस नही." आणि लाउडस्पीकरवर पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. बँडवाल्यांनी वाजवणं सोडलं, नवरदेवाने घोडी सोडली, आणि बाशिंग हातात धरून तो भर उन्हात पळत मांडवात आला. शेवटच्या 'सावधान'ला पोचला. पुढे तालुक्यात कुठेही लग्न असलं आणि तू येणार असलास की नवरदेव आदल्या दिवशीच गावात मुक्कामाला यायचे. असा तू अजातशत्रू.

भाऊबंदकी मिटवायची तुझी रीत तर आणखी निराळी. बांधावरून, विहिरीवरून, कुठल्याशा बाभळीवरून भांडलेले दोन भाऊ तुझ्याकडे आले की तू त्यांचं काही ऐकूनच घ्यायचा नाहीस. दोघांना जीपमध्ये घालायचास, सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सोडायचास आणि हातात एक तांब्या पाणी द्यायचास. दोघांत मिळून एकच. वर जाऊन या, मग बोलू. उन्हातान्हात ते दोघे एकमेकांकडे पाठ करून चढायला लागायचे. पण पाणी एक, तांब्या एक, त्यामुळे अर्ध्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारायचाच. खाली येईपर्यंत दोघांची एकी झालेली असायची. बहुतेक वेळा ती एकी तुझ्याविरुद्ध असायची, पण तुला ते चालायचं. तू म्हणायचास, "माले शिव्या देवासाठे का व्हयेना, एक तं व्हयनात."

सगळ्या तालुक्याची भांडणं तू अशी किल्ल्यावर चढवलीस. फक्त एक राहिलं, आपल्या घरातलं. त्यावरून लोक हसायचे, तुझ्यासमोर नाही, पण माझ्यासमोर हसायचे. मला ते फार लागायचं.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांत आपल्या भागाबाहेरचेही असतील, म्हणून सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून देवी मांडायची, आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. त्या रोटाचं पीठ साधं नसतं. घरातल्या, म्हणजे सगळ्या भाऊबंदांतल्या, प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ मोजून घ्यायची. कुणी मुंबईला असो, कुणी सीमेवर असो, त्याच्या नावाची मूठ पडलीच पाहिजे. गिरणीवालाही त्या दिवशी गिरणी धुऊन मग आपलं दळण घेतो. आणि त्या पिठाचा रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. जावई कितीही लाडका असो, शेजारी कितीही जवळचा असो, त्याला रोट मिळत नाही. कोण आपलं आणि कोण बाहेरचं, हे वर्षातून एकदा त्या गव्हात ठरतं.

तू निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या कानबाईचे गहू आपल्याच ओट्यावर मोजले गेले. मुठी माझे वडील, आबा, घालत होते, कारण घरात तेच वडीलधारे. तू लगेच हरकत घेतलीस. "सव्वा मूठ म्हंजे कितली? काका, तुम्हनी मूठ आन मन्हा हातनी मूठ एक शे का? वजन ठरावा." आबा म्हणाले, "हाई काय रेशननं दुकान शे?" मग तू मोजणी तरी माझ्याकडे द्या म्हणालास. आबांनी दिली, लष्करी माणसाची हौस म्हणून. तू परेडवर असल्यासारखा एकेक नाव पुकारायला लागलास. हजर, गैरहजर, सगळे झाले. शेवटी म्हणालास, "आनि एक." आबांनी घातली. त्यांना वाटलं, कुणाकडे तरी नवा मुलगा झाला असेल. आमच्या भाऊबंदकीत असली बातमी सगळ्यांपर्यंत पोचायला कधी कधी बारसं उजाडतं.

त्याच आठवड्यात तुझा धरमसिंग आला होता. लढाईत तुझ्याबरोबर असलेला हवालदार. उंच, पहाडी मुलखातला, बोलणं कमी. माझ्याशी मात्र बोलायचा, कारण माझं हिंदी ऐकून त्याला मौज वाटायची. तू जे कधी सांगितलं नाहीस ते त्याने मला आपल्या पारावर बसून सांगितलं. तुझ्या पायात गोळ्या गेल्या तेव्हा त्याने तुला शेतातून फरफटत खंदकापर्यंत आणलं. तू शुद्धीवर आलास आणि पहिलं काय विचारलंस? "वायरलेस कहाँ है?" तो तिथेच राहिला होता. तू त्याला इतका झापलास की तो बिचारा परत त्या गोळीबारात गेला आणि वायरलेस घेऊन आला. मी म्हटलं, "और साहब ने शाबासकी दी?" तो म्हणाला, "नहीं मास्टरजी. साहब ने पूछा, एंटीना कहाँ है?" आणि मोठ्याने हसला. मीही हसलो.

रविवारी पंगत बसली. तू धरमसिंगाला आपल्या शेजारी बसवलंस आणि त्याच्या ताटात रोट पडला. वाढणाऱ्या बाईचा हात थबकला. आबांनी बघितलं.

"नाना, पाहुनाले पोळी वाढ. रोट नको."

तू म्हणालास, "पाहुना नही तो. त्यानी मूठ शे."

"कोन्ही मूठ?"

"शेवटनी."

पंगतीत सगळ्यांचे घास हातातच राहिले. आबांना सगळं उमजायला एक क्षण लागला, आणि मग ते जे म्हणाले ते आजही गावात लोक नक्कल करून सांगतात. "मन्हा भाऊले तू एकच पोऱ्या. हाऊ दुसरा कथाईन ऊना?"

"लढाईमाईन," तू म्हणालास.

मग जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. बाहेरच्या माणसाच्या ताटातला रोट काढून घेता आला असता. पण त्याच्या नावाची मूठ पिठात पडून, दळून, मळून, सगळ्यांच्या रोटात गेली होती. आबा म्हणाले, "पीठमा मिसळी गयं. आते कसं निवडशी?" थोरली माणसं वाद घालायला लागली. कुणी म्हणे देवीची माफी मागून खाऊ. कुणी म्हणे पुन्हा दळू, पण गिरणीवाला धुळ्याला गेला होता. या सगळ्या गोंधळात धरमसिंगाने तुला हळूच विचारलं, "साहब, क्या हुआ?" तू म्हणालास, "कुछ नहीं. खाओ." तुझा हुकूम तो. तो खाली मान घालून जेवला, वर आणखी एक मागून घेतला. रोट मागे ठेवायचे नसतात, संपवायचे असतात, हा नियम त्या दिवशी आपल्या घरात एकट्या धरमसिंगाने पाळला.

आबा ताटावरून उठले. रोट न खाता आपल्या घरात आजवर कुणी उठलं नव्हतं. जाताना म्हणाले, नाना चुकलो म्हणेपर्यंत माझी कानबाई वेगळी. आणि तू चुकलो म्हणणारा माणूस नव्हेस. पुढच्या श्रावणात आपल्या बोळात दोन कानबाया बसल्या. अलीकडे आमची, पलीकडे तुमची.

त्याचं जे काही झालं ते आठवलं की मला अजून कळत नाही, हसावं की काय करावं. सोमवारी सकाळी दोन्ही देव्या नदीवर न्यायच्या आणि गावात बँड एकच. दोघांनीही तोच ठरवलेला. तू बँडवाल्यांना वेळापत्रकच दिलंस. सात वाजता तुमची मिरवणूक निघणार म्हणजे निघणार. त्यांनी तुमची देवी मारुतीच्या देवळापर्यंत वाजवत न्यायची, तिथून ढोल-ताशे उचलून पळत आमच्याकडे यायचं, आमची देवी देवळापर्यंत आणायची, पुन्हा पळत पुढे जायचं. क्लॅरिनेटवाला म्हातारा होता. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, एक तर तुम्ही मिटवा नाहीतर मला सायकल द्या. तू त्याला सायकल दिलीस.

बायकांनी मात्र हे भांडण कधी मनावर घेतलंच नाही. माझी बायको आणि वहिनी दोन ओट्यांवर बसून एकच गाणं म्हणायच्या, एक ओळ इकडून, एक ओळ तिकडून. पुरणाचं यंत्र सगळ्या बोळात एकच होतं, तेही बिनबोभाट फिरायचं. आबांनी एकदा बायकोला विचारलं, यंत्र कोणाचं? ती म्हणाली, आपलंच. आणि ते खोटंही नव्हतं.

आपलं दोघांचं बोलणं कधी तुटलं नाही, हे माझं नशीब. शनिवारी संध्याकाळी तुझ्या ओट्यावर आपण जगातल्या सगळ्या गोष्टींवर भांडायचो. कापसाचे भाव, माझ्या शाळेचं गळकं छप्पर, तुझी ती चहात साखर न घालायची खोड. फक्त कानबाई सोडून. तो विषय जवळ आला की तू म्हणायचास, "मास्तर, चहा घेस का?" आणि मी म्हणायचो, घेतो. तुझा तो कडू चहा मी किती प्यालो असेन, ते माझ्या पित्तालाच माहीत.

आबा गेले. जाताना रमेशचा, माझ्या धाकट्या भावाचा, हात धरून म्हणाले, मन्हा शब्द राख. रमेश म्हणजे आबांचीच दुसरी प्रत, नाकासकट. त्याने तो शब्द गळ्यात बांधून घेतला. मी मात्र मनाशी ठरवलं की आपल्या दोघांपैकी एकजण जायच्या आत बोळात एकच कानबाई बसली पाहिजे. मला दुसरं काही नको होतं रे. पेन्शन होती, मुलं मार्गी लागली होती. एवढी एक गोष्ट राहिली होती, आणि ती तुझ्या आणि रमेशच्या दोन हट्टांच्या मधे अडकली होती.

म्हणून एका थंडीत मी तुला म्हटलं, "नाना, तू जगाले किल्ला चढावस. आपला नंबर कधळ?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चाल." जीप काढलीस. एक तांब्या पाणी घेतलंस, नियमाप्रमाणे. तुझा तो गोळी लागलेला पाय आणि माझे दोन्ही गुडघे, असे आपण चढायला लागलो. दरवाजाच्याही अलीकडे, एका दगडावर, दोघेही बसलो ते बसलोच. पाणी पहिल्या पाच मिनिटांत संपलं. बकऱ्या घेऊन एक बाई वरून येत होती. ती थांबली, आपल्याकडे दयेने बघत म्हणाली, "बाबासहोन, वर जावानं व्हई तं पोऱ्यासले संगे आनतात." तुझा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता.

तिथे मी विषय काढला. मी म्हटलं, तू नवरदेवाला दहा मिनिटं माफ केली नाहीस. नियम म्हणजे नियम, हे तूच सगळ्यांना शिकवलंस. मग घरचा एकच नियम होता, तो तू कसा मोडलास?

"मोडा नही मी. भाऊ वाढावना."

"भाऊ असा मनाने वाढवता येत नाही."

"लोके दत्तक लेतस का नही?"

"दत्तकाला विधी असतो. साक्षीदार लागतात," मी म्हटलं. मास्तर माणूस, मला वाटलं आता पकडला.

तू रिकाम्या तांब्यात बोट फिरवलंस. मग म्हणालास, "साक्षीदार व्हतात, मास्तर. बठ्ठा तठेच ऱ्हाई ग्यात."

एवढंच. लढाईबद्दल तू मला आयुष्यात सांगितलेलं हे एकच वाक्य. तठेच म्हणजे त्या गोळीबाराच्या शेतात, सगळेच्या सगळे. आपण खाली उतरलो, महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, तिखटाने दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटानेच आलं असं आपण दोघे धरून चाललो.

घरी येऊन मी रमेशला ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी समजस. पन आबाना शब्द शे." तुझ्याकडूनही 'चुकलो' आलं नाही. खरं सांगू? माझं मत अजून तेच आहे. न सांगता मूठ घालणं चूकच होतं. आधी सांगितलं असतंस तर आबा कदाचित ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच ती मूठ घातली असती. तू त्यांना संधीच दिली नाहीस. लष्करात खालच्याला विचारायची पद्धत नसते, पण आबा तुझे खालचे नव्हते रे.

धरमसिंगाला ते सगळं पुढे कळलंच. वहिनीने सांगितलं असणार. त्यानंतर तो दोन-तीनदा आला, पण देवपूरलाच उतरायचा. गावात कधी आला नाही.

आणि मग हा उन्हाळा. तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रोज एसटीने यायचो. तू नर्सला ड्युटी बदलायच्या वेळा शिकवत होतास, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला गादी नीट घालायला लावत होतास. त्याला सलाईन लावलेलं होतं. मला वाटलं, याला काही होत नाही. निघताना तू माझा हात धरलास. आयुष्यात पहिल्यांदा विषय तू काढलास.

"मास्तर, औंदा कानबाईना फैसला करी टाकू."

"आधी बरा तर हो. मग भांडू."

"सकाय दुपारना चार वाजता ये. तयारी करीसन ये."

मी तयारी केली, नाना. मुद्दे जुळवले. रमेशला काय सांगायचं, तुझ्याकडून किती कबूल करून घ्यायचं, सगळं. दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आधीच मी तुझ्या खोलीच्या दारात होतो. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. मला बघून ती सरकली आणि बाकावर मला जागा करून दिली. दिलेली वेळ तू उभ्या जन्मात एकदाच चुकवलीस, आणि ती माझी. मला तुझा राग आला. अजूनही आहे.

वहिनीने धरमसिंगाला तार केली होती. तो अंत्यविधीला पोचू शकला नाही, एवढ्या लांबून पोचणार कसा. मग दहावं आलं. आपल्या नदीला पाणी नव्हतंच, वाळूत झिरा खणून बादली भरून ठेवली होती. भाऊबंद वयाप्रमाणे ओळीने वाळूवर बसले, डोकं करायला. पहिला तुझा विकास, मुलगा म्हणून. त्याच्या खाली मी, कारण आता घरात थोरला मीच. माझ्या खाली रमेश, त्याच्या खाली बाकीचे, पार तिकडे बाभळीपर्यंत. विकासचं झालं. शांताराम न्हाव्याने माझं डोकं भिजवायला घेतलं, आणि अर्धं भिजवून तो थांबला.

धरमसिंग आला होता. महामार्गावर ट्रकमधून उतरून, विचारत विचारत, सरळ नदीवर. त्याने कुणाला काही विचारलं नाही. ओळीपासून दहा-बारा हात लांब, एकटाच वाळूवर बसला, टोपी काढून मांडीखाली ठेवली, सदरा काढून घडी केला, आणि मान खाली घालून वाट बघत राहिला. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या पाण्यात आपलं होईल, असा. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण होत्या मोठ्या, वर वळवलेल्या. न्हावी बघतोय हे दिसल्यावर त्याने बोट आधी डोक्याकडे केलं, मग मिशांकडे, आणि म्हणाला, "सब."

शांतारामाने वस्तरा हातात धरून माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? सगळी ओळ माझ्याकडे बघायला लागली. रमेश तेवढा नदीकडे बघत होता.

शांतारामाने मला विचारलं नाही की हा कोण. त्याने विचारलं, "मास्तर, मोठा का धाकटा?"

न्हाव्याला तेवढंच कळायला हवं असतं, कुणानंतर कोण. मला ते माहीत नव्हतं. मी माझ्या हिंदीत ओरडून विचारलं, "धरमसिंग, आपकी उमर कितना?" तो बसल्या जागेवरून उठून सावधानमध्ये उभा राहिला, उघड्या अंगाने, त्या वाळूत. "जी, साहब से एक साल कम."

म्हणजे माझ्याहून एका वर्षाने थोरला.

"मोठा शे," मी शांतारामाला म्हटलं. "मन्हा पहिले त्यानं कर."

मी त्याला हाक मारली. तो आला, पण बसायचा कुठे? विकास आणि माझ्यामध्ये जागा नव्हती. मी खाली सरकलो, तर रमेशच्या मांडीवरच आलो. रमेश हलेना. मी आणखी रेटलं. धरमसिंग उभाच. तो पाऊल मागे घ्यायला लागला आणि म्हणाला, "मास्टरजी, मैं उधर ठीक हूँ." रमेशचं ते आबांचं नाक तसंच नदीकडे वळलेलं होतं. मला वाटलं, झालं, आता दोन दहावे करायची पाळी येते.

मग रमेशने मान वळवली. त्याने धरमसिंगाकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. आणि ओळीकडे तोंड करून, आबांच्याच आवाजात, ओरडला.

"सरका रे बठ्ठा जन! देखतस काय? मोठा भाऊले जागा द्या!"

पार बाभळीपर्यंत सगळी ओळ वाळूत एकेक जागा खाली सरकली. बाभळीखाली बसलेला शेवटचा पुतण्या सावलीतून उन्हात गेला आणि कुरकुरला. धरमसिंग माझ्या वरच्या जागी येऊन बसला. दहा दिवस लोक मला सांगत होते, मास्तर, एकदा रडून मोकळे व्हा. नाना, मी तिथे रडलो, सगळ्या भाऊबंदांसमोर, अर्ध्या भिजलेल्या डोक्याने.